"माझंच डोकं त्याच्यात उतरलंय का, मॅडम?"

मुलाच्या फाइलमध्ये लसीकरणाच्या कार्डापासून सगळं होतं. ज्यासाठी ही आई माझ्याकडे आली होती तो शाळेचा शेरा मात्र घरीच राहिला होता. तिने पर्स टेबलावर उलटी केली. तीन पेनं, औषधांची बिलं, लहान मुलाचा एक मोजा. "हे असंच आहे माझं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. शाळेची घंटा झाली की कान झाकतो. बाक बदलला की रडून गोंधळ. डब्यात भाजीचा रस पोळीला लागला, तर पोळी तशीच परत. नेहमीप्रमाणे मी विचारलं, घरात आणखी कोणाला असं काही? ती थांबली. "सासूबाई म्हणतात, आमच्याकडे कोणी असं नाही. मग माझ्याकडूनच आलं ना?"

तिला शाळेत 'वेंधळी' म्हणायचे. मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. शंका होती एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जन्मजात घडणीमुळेच अवघड जाण्याची. त्याच्या निदानासाठी लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. तिच्या आईने माळ्यावर जपलेली प्रगतिपुस्तकं इथे कामाला आली. जवळजवळ प्रत्येकावर एकच वाक्य: 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' छत्तिसाव्या वर्षी तिला कळलं की हे एडीएचडी आहे. वर्गात दंगा न करता खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली अशाच सुटून जातात.

आता तिचा प्रश्न. मुलाबाबत शंका ऑटिझमचीही होती, म्हणजे संवादात अडचण, सगळं ठरल्यासारखं लागणं, आवाज-स्पर्श सहन न होणं. एडीएचडी आणि ऑटिझम, दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांत एडीएचडीसाठी तो साधारण 70 ते 80 टक्के निघतो. हा आकडा वाचून आया हादरतात. पण याचा अर्थ 'तुमच्या मुलाला होण्याची शक्यता 75 टक्के' असा नाही. लोकांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती जनुकांमुळे, एवढंच तो सांगतो. शिवाय जनुकं दोन्ही घरांकडून येतात. मी सहज चौकशी केली, तर कळलं की सासरे तीस वर्षं एकाच ताटात जेवतात आणि ते ताट कोणी घेतलं तर उठून जातात. 'आमच्याकडे कोणी असं नाही' म्हणे!

एकेकाळी ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं जायचं. ते साफ खोटं ठरलं. तोच ठपका आता जनुकांच्या नावाने परत लावू नका, एवढं मी तिला स्पष्ट सांगितलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. त्याला सगळं ठरल्यासारखं लागतं आणि तिला ठरवलेलं आठवत नाही. त्याला शांतता हवी, तर ही कामात मन लागावं म्हणून मोठ्याने गाणी लावणार. संध्याकाळी कुकरची शिट्टी, त्याचं किंचाळणं, मग तिचं ओरडणं. इथे माझीही चूक झाली. मी तिला दिनक्रमाचा छान रंगीत तक्ता करून दिला, चौदा चित्रांचा. आठवड्याने विचारलं तर तक्ताच हरवलेला. ज्या बाईला कागद सांभाळणं जमत नाही, तिला मी आणखी एक कागद दिला होता.

मग तिनेच मार्ग काढला. चारच चित्रं, तीही फ्रिजवर चिकटवलेली. गाणी इयरफोनमध्ये, तेही एकाच कानात. कुकर लावायच्या आधी "आता शिट्टी होणार" असं सांगणं, म्हणजे तो आतल्या खोलीत जातो. भाजीला झाकणाची वेगळी डबी. मुलाला नियम पाठ असतात, तेव्हा आईला आठवण करून द्यायचं कामही त्याच्याकडे द्यावं, असा मोह मला झाला होता. पण सात वर्षांच्या पोराला आईचा मुनीम करू नये. ते काम मोबाइलच्या अलार्मचं.

एक गोष्ट मात्र मी तिला वारंवार सांगते: त्याचं सगळं तुमच्यासारखं असेल असं धरू नका. त्याची तपासणी विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे सुरू आहे. ऑटिझम, एडीएचडी, दोन्ही की आणखी काही, ते तिथे ठरेल. 2013 पर्यंत अमेरिकी निदानपद्धतीत ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नसत, आता येतात.

मागच्या भेटीला दोघं वीस मिनिटं उशिरा आले. मुलगा दारातच म्हणाला, "आई रिक्षात छत्री विसरली. मी नाही." ती ओशाळून हसली, पुढच्या तारखेच्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मगच ते पर्समध्ये टाकलं.