शाई 'भरणारं' पेन की शाई 'पुरवणारं' पेन?

एका वाचकाने विचारलं आहे: "पेत्राके पोएनारु या रुमानियन माणसाने १८२७ साली 'आपोआप शाई भरणारं पेन' शोधलं, असं एका मराठी लेखात वाचलं. दुसरीकडे असं पहिलं पेन इंग्लंडात १८३२ साली निघालं असं दिलं आहे. दोन्हीकडे शब्द तेच. मग खरं कोणतं? आणि अशा पेनाला झरणी म्हटलं तर चालेल का? फाउंटन म्हणजे तर कारंजं."

दोन्ही सालं बरोबर आहेत. घोळ 'भरणे' या क्रियापदामुळे झाला आहे.

शाईचं पेन वापरणारा मराठी माणूस दोन क्रियापदांची कधी गल्लत करत नाही. दौतीतून पेनात शाई भरतात आणि निबेतून कागदावर शाई उतरते. 'शाई उतरत नाहीये' म्हणून पेन झटकणाऱ्याची अडचण वेगळी आणि 'शाई संपली' म्हणून दौत शोधणाऱ्याची वेगळी. इंग्रजीतल्या 'सेल्फ-इंकिंग'मध्ये मात्र दोन्ही अर्थ मावतात. शाई आपोआप निबेपर्यंत येते हा एक, आणि पेन स्वतःच शाई ओढून घेतं हा दुसरा. भाषांतर करताना हा फरक निसटला, म्हणून दोन वेगळ्या शोधांना एकच नाव मिळालं.

पोएनारुचा शोध पहिल्या जातीचा. १८२१ साली वलाखियात, म्हणजे आजच्या रुमानियाच्या दक्षिण भागात, झालेल्या उठावात तो तुदोर व्लादिमिरेस्कु या पुढाऱ्याचा चिटणीस होता. पुढे पॅरिसला शिकत असताना, २५ मे १८२७ रोजी, त्याला फ्रेंच सरकारकडून पेटंट मिळालं. पेटंटातलं नाव लांबलचक आहे. त्याचा मराठीत अर्थ होतो: बरोबर नेता येणारी, अंत नसलेली, स्वतःच स्वतःला शाई पुरवणारी लेखणी. यात जे फ्रेंच क्रियापद आहे ते अन्न पुरवणं, पोसणं या अर्थाचं आहे. शाई साठवायची नळी हंसाच्या मोठ्या पिसाची होती आणि तिथून टोकाला सतत शाई मिळत राहावी, एवढाच दावा होता. नळी भरण्याचं काम लिहिणाऱ्याकडेच होतं.

'अंत नसलेली' हे विशेषण आज अतिशयोक्तीचं वाटेल. पण पिसाच्या लेखणीने, नाहीतर आपल्याकडच्या बोरूने, एखादं पान लिहून बघा. बुडवल्यावर पहिला शब्द ठसठशीत आणि ओला उमटतो, पुढचे बेताचे येतात, मग रेघ फिकट होत जाते आणि अर्ध्या ओळीतच हात पुन्हा दौतीकडे जातो. जुन्या हस्तलिखितांत ही गडद-फिकट लाट उघड्या डोळ्यांनी दिसते. ज्याला दिवसभर लिहायचं आहे त्याला न थांबता एक पान लिहिता येणं म्हणजे केवढी चैन!

या चैनीचा ध्यास जुना आहे. दहाव्या शतकात उत्तर आफ्रिकेवर राज्य करणाऱ्या फातिमी घराण्याचा खलिफा अल-मुइझ्झ याने उलटी धरली तरी न सांडणारी, पोटात शाई बाळगणारी लेखणी मागवली, अशी नोंद त्याच्या दरबारातल्या काझी अल-नुमानने करून ठेवली आहे. १६३६ साली जर्मनीत डानिएल श्वेंटरने एका पिसात दुसरं पीस बसवून, आत शाई भरून बुचाने बंद करायची युक्ती छापली. ५ ऑगस्ट १६६३ रोजी लंडनच्या सॅम्युएल पीप्सला शाई बाळगणारं चांदीचं पेन भेट मिळालं आणि ते फार गरजेचं आहे, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. पॅरिसचा उपकरणं बनवणारा निकोला ब्यों याने १७०९ च्या ग्रंथात धातूच्या नळीच्या पेनाचं सविस्तर वर्णन केलं आणि नाव दिलं 'अंत नसलेली लेखणी'. म्हणजे पोएनारुच्या पेटंटातलं हे विशेषण शंभरहून अधिक वर्षं आधीचं आहे. ब्योंच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १७२३ साली झालं, त्यात 'फाउंटन पेन' हा शब्द आहे.

इतक्या जणांनी केलं, तर मग लोक दीडशे वर्षं बोरू, पिसं आणि टाकच का वापरत राहिले? याचं उत्तर हवेत आहे. पाण्याने भरलेल्या नळीच्या वरच्या तोंडावर बोट दाबून धरा. खालचं तोंड उघडं असूनही पाणी पडत नाही, कारण आत जायला हवेला वाट नाही. बोट उचललं की सगळं पाणी एकदम खाली. शाईच्या नळीचंही तेच होतं. वरचं तोंड पक्कं बंद असेल तर शाई अडून बसते, उघडं राहिलं तर कागदावर डबकं. म्हणूनच ब्योंचं पेन लिहिण्याआधी थोडं हलवावं लागे. जोसेफ ब्रामाने १८०९ साली इतक्या पातळ पत्र्याची चांदीची नळी सुचवली की ती बोटांनी दाबून शाई बाहेर काढता येईल. १८१९ साली जॉन शेफरने दाबण्याचं काम एका खटक्यावर सोपवलं. ही पेनं शाई 'पुरवत' होती खरी, पण लिहिणाऱ्याने ढकलली तर.

खरी उकल १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनच्या पेटंटात सापडते. वॉटरमन विमा विकत असे आणि करारावर शाईचा डाग पडल्याने त्याचा ग्राहक गेला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात; तिला पुरावा नाही. त्याची युक्ती शाईच्या पेनात आजही दिसते: निबेखाली जी काळी पट्टी असते, जिला बरेच जण जीभ म्हणतात, ती काढून उजेडात धरा. तिच्यावर एक खाच दिसते आणि खाचेच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. चिरांमधून शाई केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत द्रव आपसूक ओढला जातो त्या गुणाने, पुढे सरकते आणि तिने रिकामी केलेली जागा भरायला त्याच खाचेतून हवा आत जाते. निबेने जेवढी शाई घेतली तेवढीच नळीतून निघते. पोएनारुच्या पेटंटातलं 'स्वतःच स्वतःला पुरवणारी' हे वर्णन या जिभेला अगदी चपखल बसतं.

आता १८३२. त्या वर्षी इंग्लंडात जॉन जेकब पार्कर याने पेटंट घेतलं ते भरण्याचं. (१८८८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या पार्कर कंपनीशी त्याचा संबंध नाही.) स्क्रू फिरवला की आतला दट्ट्या मागे सरकायचा आणि शाई वर ओढली जायची. तरीही पुढची साठसत्तर वर्षं बहुतेक पेनं ड्रॉपरनेच भरली जात. मग रबरी पिशवी आली. वॉल्टर शेफरच्या १९०८ च्या पेटंटात बाजूची छोटी दांडी उचलली की आतली पट्टी पिशवीवर दाबली जाते आणि सोडली की पिशवी फुगताना शाई ओढून घेते. या पेनांना जाहिरातीत 'सेल्फ-फिलिंग' म्हणत. निब दौतीत बुडवायला आणि दांडी उचलायला माणूस लागतोच. 'सेल्फ'चा अर्थ एवढाच की वेगळा ड्रॉपर नको. म्हणून मराठीत इथे 'आपोआप'सुद्धा फसवं आहे. 'ड्रॉपरशिवाय भरणारं पेन' लांब असलं तरी खरं आहे.

राहिला झरणी. मला हा शब्द मनापासून आवडतो आणि तो अचूकही आहे. इंग्रजीत फाउंटन म्हणजे फक्त कारंजं नव्हे. झरा, उगम आणि त्यावरून साठा, असेही त्याचे अर्थ आहेत. छापखान्यातल्या यंत्रावर शाईचा साठा असतो त्यालाही इंग्रजीत 'इंक फाउंटन'च म्हणतात. पेनाच्या नावात हा साठ्याचा अर्थ आहे. कारंजं उसळतं, झरा संथ आणि अखंड येतो. गळणं म्हणजे बिघाड, वाहणं म्हणजे अनावर. झरणं या दोन्हींच्या अलीकडे थांबतं. शिवाय 'झरझर लिहिणं' हा प्रयोग आपल्या तोंडी आहेच, त्यामुळे शब्द कानालाही परका वाटत नाही. मात्र रोजच्या बोलण्यात लोक 'शाईचं पेन' किंवा 'शाईपेन' म्हणतात आणि ते बदलायचं काही कारण नाही. झरणी लिखाणात वापरावी. तिच्यात उतरण्याची क्रिया आहे, भरण्याची नाही, म्हणून पोएनारुच्या पेनाला ती शोभते. १८३२ च्या पेनाबद्दल लिहिताना मात्र 'दट्ट्याने शाई ओढणारी झरणी' असं फोडून सांगावं.

आणि बाजारात 'सेल्फ-इंकिंग' मागितलं तर आज तुमच्या हातात पेन येणारच नाही, शिक्का येईल. त्यातली अक्षरं आतल्या गादीला टेकलेली असतात आणि दाबताना उलटी होऊन कागदावर उतरतात. तिथे शाई भरण्याचा किंवा झरण्याचा प्रश्न नाही. तो आपोआप शाई 'लागणारा' शिक्का.