गुण चित्रपटाला द्यायचे की खेळाला?

आपण लिहिले आहे की कोल्हापुरातल्या महोत्सवात एका इराणी चित्रपटाची सबटायटल्स सुरुवातीची बरीच मिनिटे पडद्यावर आलीच नाहीत, मतपत्रिकेवर ५ पैकी किती गुण द्यावेत असे विचारल्यावर काउंटरवरून ‘जसा दिसला तसे द्या’ एवढेच उत्तर मिळाले, आणि रागाच्या भरात दिलेले २ गुण आता आपल्यालाच खटकत आहेत. हेच उत्तर मीही ऐकलेले आहे. ते कोल्हापुरात नव्हे, दुसऱ्या शहरातल्या एका महोत्सवाच्या कार्यालयात मिळाले. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. मी समीक्षक नाही आणि कोणत्याही परीक्षक मंडळावर कधी बसलेलो नाही. पुढचे सारे एका जुन्या प्रेक्षकाचे मत समजावे, आणि आपल्या महोत्सवाचे लेखी नियम वेगळे असतील तर तेच प्रमाण मानावेत.

माझे मत स्पष्ट आहे. प्रक्षेपणातल्या दोषासाठी चित्रपटाचे गुण कापू नयेत, आणि त्या दोषामुळे चित्रपट नीट कळलाच नसेल तर मतपत्रिका टाकूच नये. महोत्सवात चित्रपट बहुधा डीसीपी या डिजिटल स्वरूपात येतो. त्यात सबटायटल्ससह आणि सबटायटल्सविना अशा दोन आवृत्त्या असू शकतात, आणि प्रक्षेपकाने घाईत भलतीच निवडली की इराणी माणसे फारसीत बोलत राहतात व सभागृह ताटकळत बसते. यात दिग्दर्शकाचा काडीचाही दोष नाही. उलट, चित्र चौकोनी आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले म्हणून काही जण गुण कापतात, तेव्हा तो मुळी दोषच नसतो. ती चौकट दिग्दर्शकाने विचारपूर्वक निवडलेली असते.

त्या दुसऱ्या शहरातल्या महोत्सवात एका खेळाला सबटायटल्स नव्हती तेव्हा निम्मे लोक वैतागून उठले, आणि जाता जाता दाराशी ठेवलेल्या पेटीत १ गुणाच्या पत्रिका टाकून गेले. थोड्या वेळाने खेळ थांबवून योग्य आवृत्ती लावली गेली. जे थांबले त्यांना फार सुंदर चित्रपट पाहायला मिळाला, आणि त्यांनी ४ किंवा ५ गुण दिले. मी कार्यालयात जाऊन विनंती केली की एक तर खेळ पुन्हा ठेवावा, नाहीतर खेळ थांबण्यापूर्वी पेटीत पडलेल्या पत्रिका बाद कराव्यात. पहिल्या मागणीला नकार मिळाला, तो मला पटला. सांकेतिक कुलूप असलेल्या डीसीपीची किल्ली ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक मुदतीपुरतीच चालते, त्यामुळे मुदत संपल्यावर आयोजकांच्याही हाती फारसे काही उरत नाही. दुसऱ्या मागणीला मात्र ‘पेटीत पडले ते मत’ असे उत्तर आले. लेखी अर्ज देतो म्हटले, तर तो घेणारा अधिकारी समारोपाच्या तयारीत असल्याचे कळले. मग मी समारोपानंतर गेलो, तेव्हा कार्यालयाला कुलूप होते.

याचा परिणाम किती होतो ते पाहा. समजा थांबलेल्या ६० जणांनी सरासरी ४ गुण दिले आणि उठून गेलेल्या ३० जणांनी १, तर ९० पत्रिकांची सरासरी बरोबर ३ येते, म्हणजे उत्तम चित्रपट बेताच्या रांगेत जाऊन बसतो. त्याहून संतापजनक म्हणजे तिथे सरासरीही काढत नव्हते, गुणांची नुसती बेरीज करत होते. रविवारी मोठ्या सभागृहात १५० जणांनी ३ गुण दिलेल्या चित्रपटाचे ४५० होतात आणि छोट्या सभागृहात ४० जणांनी एकमुखाने ५ दिलेल्याचे फक्त २००. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या महोत्सवात प्रेक्षक १ ते ५ गुण देतात आणि क्रम सरासरीवर लागतो. ही साधी रीत आपल्याकडे का झेपू नये, हे मला अजून उमगलेले नाही. आपण पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारून घ्यावे की बेरीज धरतात की सरासरी, आणि मध्येच उठणाऱ्यांची पत्रिका घेतात का. उत्तर गोलमोल आले तर गुणांचे मनाला लावून घेऊ नये.

मध्येच उठणाऱ्यांविषयी मी जरा कठोर आहे, हे मान्य करतो. बेल्जियन दिग्दर्शिका शांताल आकरमान यांचा ‘जान दीलमन’ हा १९७५ चा चित्रपट २०१ मिनिटांचा आहे, आणि त्यात एक गृहिणी कितीतरी वेळ बटाटे सोलत असते. अर्ध्या तासात उठलेल्याने त्याला १ गुणच दिला असता. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांसाठीच्या २०२२ च्या समीक्षक-कौलात तो पहिला आला. तो सर्वांना आवडलाच पाहिजे असे मी म्हणत नाही. ज्याने शेवट पाहिला नाही त्याने उठून जावे, परंतु गुण देऊ नयेत, एवढेच म्हणतो. कोल्हापुरात १९२९ साली उभ्या राहिलेल्या आणि पुढे पुण्यास गेलेल्या प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला, तेव्हा समोरच्या प्रेक्षकांना ना वारी ठाऊक होती, ना अभंग. त्यांनी जो धीर धरला तो आपण इराणी किंवा हंगेरियन चित्रपटासाठी धरायला हरकत नसावी.

रात्रीच्या शेवटच्या खेळाला गुण कमी पडतात, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. दिवसात तीनहून अधिक चित्रपट पाहू नयेत असे माझे मत आहे, आणि शाहू स्मारक भवनात खेळ असेल तर मधल्या वेळेत दसरा चौकात एक फेरी मारून यावी. मिसळ मात्र रात्री शेवटचा खेळ सुटल्यावरच, कारण तिच्यानंतर जी सुस्ती येते ती कोणत्याही दिग्दर्शकाला भारी पडते. पत्रिका दाराशीच द्यावी लागत असेल तर श्रेयनामावली संपेपर्यंत खुर्ची सोडू नये, आकडा तिथेच बसून ठरवावा. पहिल्या दिवशी कोणालाही ५ देऊ नयेत असे महोत्सवांचे जुने प्रेक्षक सांगतात. तो सल्ला मला पटत नाही, कारण ५ गुणांचा चित्रपट पहिल्याच सकाळी लागला तर त्याने काय करावे? आणि मध्ये डोळा लागला असेल, तर पत्रिका कोरीच परत करावी.