सर्व्हेअर व्हायचे आहे, पण फीसाठी दागिने गहाण ठेवावेत का?

प्रश्न : माझे वय २४ आहे. बारावी (कला) झाल्यापासून दिग्रसला हार्डवेअरच्या दुकानात काम करतो आणि महिन्याला ९,५०० रुपये मिळतात. घरी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. कापूस आणि तूर घेतो. नागपूरच्या एका खासगी संस्थेत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे यंत्र), जीपीएस आणि ड्रोन यांसह सर्व्हेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. फी १,६०,००० रुपये असून नोकरीची हमी देतात आणि या आठवड्यात २५,००० भरून जागा राखायला सांगतात. बाबा बैलजोडी विकायला आणि आईचे दागिने फायनान्स कंपनीत दीड टक्का महिना व्याजाने गहाण ठेवायला तयार आहेत. माझे पोस्टात ७०,००० रुपये आहेत. मामा म्हणतात, आयटीआयचा दोन वर्षांचा सर्व्हेअर कोर्स कर, फी नाममात्र आहे. आणखी दोन वर्षे घालवणे मला परवडेल का?

उत्तर : मामांचा सल्ला योग्य आहे, मात्र फी कमी आहे हे त्यामागचे सर्वांत मोठे कारण नाही. भूमी अभिलेख खात्यातील भूकरमापक (जमीन मोजणारा कर्मचारी) पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची मान्यताप्राप्त पदविका, किंवा दहावीनंतर आयटीआयचे दोन वर्षांचे सर्वेक्षक प्रमाणपत्र, यांपैकी एक लागते. तुमच्या संस्थेचा 'डिप्लोमा' एका वर्षाचा आहे. म्हणजे त्याला नाव पदविकेचे असले तरी तो या दोन्हींत बसत नाही. १,६०,००० रुपये मोजूनही ज्या दारातून आत जाता येणार नाही, त्या दाराची किल्ली म्हणून तो विकला जात आहे का, हे संस्थेला लेखी विचारा. उत्तर लेखी मिळाले नाही, तर तेच उत्तर समजा.

आता दोन वर्षांचा हिशेब मांडू. दुकानाचा पगार दोन्हीकडे बुडणारच आहे, तेव्हा तो तूर्त बाजूला ठेवू. नागपूरचा मार्ग धरल्यास फी १,६०,०००, खोली आणि मेस महिन्याला ७,००० धरून वर्षाचे ८४,००० आणि दागिन्यांवरील कर्ज १,६०,००० धरले तर पहिल्या वर्षाचे व्याज २८,८००, असा एकूण खर्च २,७२,८०० रुपये होतो. दुसऱ्या वर्षी १४,०००ची नोकरी लागली आणि राहण्या-जेवणाचे ७,००० वजा झाले, तर वर्षाकाठी ८४,००० उरतील; म्हणजे दोन वर्षांअखेर तुम्ही १,८८,८०० रुपयांनी मागे असाल, आणि यात दुसऱ्या वर्षाचे व्याज धरलेलेच नाही. याउलट जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआयमध्ये खोली-जेवणाचे महिना ४,५०० प्रमाणे १,०८,००० आणि फी, पुस्तके, साहित्य यांचे १०,००० धरले, आणि तुमचा अनुभव पाहता संध्याकाळी एखाद्या दुकानात हिशेब लिहून महिन्याला ३,५०० मिळाले, तर दोन वर्षांअखेर तुम्ही ३४,०००नेच मागे असाल, तेही पोस्टातल्या पैशांतून, कर्जाशिवाय. हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुम्ही त्यात स्वतःचे भाडे आणि मेसचा दर घालून पाहा. तरीही एक गोष्ट फारशी बदलणार नाही : 'एक वर्ष वाचते' हा युक्तिवाद खरा ठरण्यासाठी नागपूरच्या कोर्सनंतर पहिल्या महिन्यापासून सुमारे २७,००० रुपये पगार मिळायला हवा. संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना, संस्थेच्या माघारी, पगार विचारून घ्या.

दागिन्यांच्या कर्जाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण या व्यवहारात घरे हळूहळू अडकतात. दीड टक्का महिना ऐकायला थोडा वाटतो, पण तो वर्षाला १८ टक्के होतो, आणि १,६०,०००वर दरमहा २,४०० रुपये व्याजातच जातात. पगारातून उरणारे ७,००० रुपये एकही महिना न चुकता भरले तरी कर्ज फिटायला सुमारे २८ महिने लागतील, आणि या काळात घरी एक रुपयाही पाठवता येणार नाही. साइटवरची नोकरी कंत्राटदाराकडे असते, बिल अडकले की पगारही अडकतो. म्हणून २८ महिन्यांत एकदाही खंड पडणार नाही, असे मी धरणार नाही. बैलजोडीचेही तसेच आहे. ती विकून आलेली रक्कम एकदाच हातात येते, परंतु पुढे प्रत्येक वखरणीला आणि डवरणीला भाड्याची जोडी किंवा ट्रॅक्टर शोधावा लागतो, आणि पाऊस उघडल्यावर सगळ्या गावाला जोडी एकाच दिवशी हवी असते. कुणी पीककर्जातून फी भरण्याचे सुचवले तर तेही टाळा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडलेले तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज शून्य व्याजात पडते. ते फीमध्ये गुंतून थकले, तर सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.

काम मिळेल का, याविषयी तुम्ही थेट विचारलेले नाही, पण निर्णय त्यावरच टेकलेला आहे. सरकारी भरती नियमित होत नाही. भूकरमापकांची जाहिरात २०२१च्या डिसेंबरमध्ये आली आणि परीक्षा थेट २०२२च्या नोव्हेंबरमध्ये झाली. या पदाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० आहे, म्हणून स्पर्धाही तशीच असते. तेव्हा ती नोकरी हिशेबात धरू नका, पण पात्रता मात्र हातात ठेवा.

खासगी कामाचे चित्र मिश्र आहे. तुमच्या दिग्रसवरून जाणाऱ्या २८४ किलोमीटरच्या वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाकडे पाहून 'काम दारात आले' असे वाटणे स्वाभाविक आहे. वर्धा–कळंब टप्प्यावर २०२४च्या फेब्रुवारीपासून गाडीही धावू लागली. परंतु अशा प्रकल्पाचा मूळ सर्व्हे भूसंपादनाच्या आधीच झालेला असतो. नंतर उरते ते भरावाची पातळी तपासणे, पुलाच्या पायाची आखणी करणे आणि कंत्राटदाराच्या बिलासाठी मातीकामाचे मोजमाप करणे. हे काम चांगले आहे, पण प्रकल्पाबरोबर संपते आणि सर्व्हेअरला पुढच्या जिल्ह्यात, बहुधा पुढच्या राज्यात, जावे लागते. घराजवळच राहायचे असेल तर हे आताच आई-बाबांशी बोलून घ्या. वणीकडच्या कोळसा खाणींतही सर्व्हेअर लागतो, मात्र त्यासाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि त्याआधी खाणीतला अनुभव हवा. आणि तुम्ही हे काम शिकला आहात असे कळताच गावातला प्रत्येक जण धुऱ्याचे भांडण घेऊन तुमच्याकडे येईल. पण हद्दीची अधिकृत मोजणी भूमी अभिलेख कार्यालयामार्फत होते, खासगी मोजणीचा कागद तिथे आपोआप ग्राह्य धरला जात नाही. भाऊबंदकीत हे विसरू नका.

यंत्रे बदलत आहेत म्हणून जुना आयटीआय कोर्स वाया जाईल, अशी भीती संस्थेने घातली असावी. मोजणी खाते प्लेन टेबलवरून (जागेवरच नकाशा काढायच्या फळीवरून) टोटल स्टेशनवर आणि तेथून रोव्हरवर (उपग्रहांच्या मदतीने जागा टिपणाऱ्या यंत्रावर) आले, गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, आणि पूर्वी चार माणसांना लागणारे काम आज दोन माणसे करतात, हे खरे आहे. पण त्यात कमी झाला तो मोजणीची साखळी ओढणारा आणि स्टाफ (उंची मोजायची आखलेली पट्टी) धरणारा. ट्रॅव्हर्सची, म्हणजे एका बिंदूवरून दुसऱ्यावर जोडत नेलेल्या मोजणीची, चूक कुठे आली हे शोधणारा नव्हे. भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८०२ साली मद्रासहून कोन मोजायची अर्धा टन वजनाची थिओडोलाइट घेऊन निघाला आणि १८२३ साली नागपूरच्या वाटेवर आपल्या हिंगणघाटला वारला. त्याने केलेली त्रिकोणांची आकडेमोड आजही रोव्हरच्या पोटात चालू आहे. ती हाताने करायला शिकायची तर दोन वर्षे लागतात. यंत्राची बटणे आणि संगणकावर नकाशे काढायचे ऑटोकॅड नंतर काही आठवड्यांत शिकता येते, आणि त्यासाठी तुमच्या ७०,०००पैकी ३६,००० शिल्लक राहतात. ड्रोनबाबत एकच सांगतो : ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतूनच मिळते. नागपूरची संस्था त्या यादीत नसेल, तर तिचे ड्रोन प्रशिक्षण म्हणजे केवळ प्रात्यक्षिक.

तेव्हा २५,००० रुपये भरू नका. आयटीआयची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया दहावीच्या गुणांवर चालते, आणि २४ वय तिथे अडचणीचे नाही. सर्व्हेअर हा व्यवसाय प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो आणि जागाही थोड्या असतात, म्हणून अर्जात एकच संस्था न लिहिता अमरावती आणि नागपूर अशा दोन्ही विभागांतली नावे घाला आणि संस्थेला एनसीव्हीटीची (राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषदेची) मान्यता असल्याची खात्री करा. भूकरमापक पदासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखनही लागते. तो वर्ग दिग्रसलाच लावा, दुकानाचा पगार चालू असताना.

यंदा प्रवेश मिळाला नाही, तर नोकरी सोडू नका. पुढच्या जूनपर्यंत टंकलेखन पूर्ण करा. कापसाची वेचणी आटोपली की मालकाकडून दोन-तीन आठवड्यांची सुटी मागून रस्त्याच्या कामावरच्या एखाद्या सर्व्हेअरबरोबर रोजंदारीने स्टाफ धरायला जा. एप्रिलच्या उन्हात दिवसभर ट्रायपॉड खांद्यावर घेऊन फिरल्यावर हे काम तुम्हाला आवडते की नाही, हे एक पैसाही न घालवता कळेल.