चुकीची प्रारूपं मुलांना शिकवायचीच कशाला?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात डाल्टन, थॉमसन, रदरफर्ड, बोर अशी अणूची प्रारूपं ओळीने दिली आहेत आणि बहुतेकांच्या मागे त्रुटी चिकटवलेल्या. ती विचारते, ‘शेवटचं बरोबर असलेलंच शिकवा ना, आधीच्यांच्या चुका मी का पाठ करू?’ काय सांगू?
– एक पालक, बार्शी

उत्तर : प्रश्न चोख आहे, आधी तिला तेवढं सांगा. पण ती ज्याला शेवटचं समजते आहे ते बोरचं प्रारूपही 1926 पर्यंत मागे पडलं होतं. फक्त बरोबर तेच शिकवायचं म्हटलं तर आठवीच्या फळ्यावर श्रोडिंगरचं समीकरण, म्हणजे आजच्या अणूचं अवघड गणित, लिहावं लागेल. ते पाहून बारावीची मुलंसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागतात. मी उभा जन्म हेच शिकवलं, मला विचारा.

माझी तक्रार वेगळी आहे. त्रुटी नेमकी कुणाला आणि कशी दिसली, हे पुस्तक एका ओळीत उरकतं. खरी मजा तर तिथेच आहे.

1897 मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला. अणूत ऋणभार आहे, पण अख्खा अणू उदासीन. म्हणजे धनभारही कुठेतरी हवाच. 1904 मध्ये थॉमसनने तो अणूभर पसरवला आणि लाडवात बेदाणे असावेत तसे इलेक्ट्रॉन त्यात बसवले. तेव्हाच्या माहितीला धरून यात वावगं काही नव्हतं.

मग 1909, मँचेस्टर. रदरफर्डच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतला विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन. अंधाऱ्या खोलीत बसायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, मग सूक्ष्मदर्शकातून झिंक सल्फाइडच्या पडद्याकडे टक लावायची. अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा धनभारित कण, आदळला की इवलीशी चमक दिसते. ती मोजायची. मग पुढची. मोजायला यंत्र नाही, फक्त डोळा! थॉमसनचा अणू खरा असता तर पातळ पत्र्यातून जाताना कण जेमतेम वळले असते. पण 0.00004 सेंटिमीटर जाडीच्या सोन्याच्या पत्र्यातून जाताना सुमारे 20,000 कणांत एखादा चक्क 90 अंशांच्या आसपास वळत होता. पसरलेल्या भारात एवढं बळ कुठलं? भार अगदी चिमुकल्या जागेत एकवटलेला असला तरच हे जमतं. हा हिशेब लेखात मांडायला रदरफर्डला 1911 उजाडलं.

त्या लेखातली एक गोष्ट शाळेत कुणी सांगत नाही. मधला भार धन की ऋण, याचा निकाल रदरफर्डने त्यात लावलेलाच नाही. गणिताला दोन्ही चालत होते, सोयीसाठी धन धरला. आणि असा अणू टिकेल कसा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवतो, असंही स्वच्छ लिहिलं. पुस्तकातली त्रुटी हीच : मधल्या भाराभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत आत कोसळायला हवा. म्हणजे ज्या त्रुटीला आपण दोन गुण देतो, ती त्याच्या नजरेतून सुटली होती असं मुळीच नाही.

बोरने 1913 मध्ये त्यावर तोड काढली : इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच फिरतो आणि तिथे असताना ऊर्जा गमावत नाही. का गमावत नाही? ते त्याने सरळ गृहीतच धरलं. मला हा माणूस यासाठीच आवडतो. कारण त्या गृहीतातून हायड्रोजनच्या वर्णरेषा, म्हणजे त्याच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा, बरोबर निघाल्या : लाल 656 नॅनोमीटर, निळसर हिरवी 486. या रेषांचं सूत्र बाल्मर नावाच्या बाझलमधल्या शाळामास्तराने 1885 मध्येच आकडे जुळवून काढलं होतं. ते का जुळतं हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. पुढे दोन इलेक्ट्रॉनांच्या हेलियमपाशी बोरचीही गाडी अडली.

आणि डाल्टन? रासायनिक समीकरण संतुलित करताना तुमची मुलगी आजही डाल्टनचेच अखंड गोळे मोजते. त्या कामाला ते पुरतात.

आता एक करा. जवळच्या विज्ञान महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. हायड्रोजनची नळी आणि वर्णपटमापी (प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं उपकरण) असेल, तर परवानगी काढून तिला 656 ची ती लाल रेषा दाखवून आणा. त्रुटी पाठ करायचं त्यानंतर बघू.