पहिला भाग किरणोत्सवावर कर

भावा, विज्ञानाचा पॉडकास्ट सुरू करायचा म्हणतोस आणि 'माईक कुठला घेऊ' हे आधी विचारलंस, म्हणजे तूही माझ्याच वाटेनं निघालास. सध्या मोबाइल बास. गाद्या-रजयांच्या कपाटासमोर बस, पंखा बंद कर, झालं.

खरी अडचण स्वतःच्या आवाजाची. पहिल्यांदा ऐकलास की लाज वाटणारच. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा नसतो. बाकीच्यांना तू कायम असाच ऐकू येतोस, त्यांची काही तक्रार नाही.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथं:

- थेट कृष्णविवरात उडी. त्यापेक्षा कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव घे. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, दोन्ही वेळा मावळतीची किरणं गाभाऱ्यात. का? दोन्ही तारखा डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून साधारण 41 दिवसांवर, त्यामुळे सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. दहा मिनिटांचा भाग तयार!
- बातम्या वाचल्यासारखं बोलणं. रंकाळ्यावर मित्राला सांगतोस तसं सांग.
- चूक सापडली की भाग उडवणं. मी 'प्रकाशवर्ष' हे अंतराचं एकक चक्क काळाचं म्हणून सांगितलं होतं. एका शाळकरी पोरीनं कान धरला. पुढच्या भागात पहिल्याच मिनिटाला कबुली दिली.

दर आठवड्याचा शब्द देऊ नकोस, नोकरी सांभाळून पंधरा दिवसांनी जमतं. एडिटिंगचं नंतर बघू. पहिला भाग झाला की पाठव, ऐकतो.