दारावरचे ओरखडे आणि साठ हजारांचं डिपॉझिट

"मॅडम, घर सोडून महिना झाला. कुत्र्याने घराची वाट लावली म्हणून काकू डिपॉझिटमधला एक रुपयाही द्यायला तयार नाहीत. पोलिसात जाऊ का?"

मी घरमालक-भाडेकरूंच्या भांडणांत मध्यस्थी करते, त्यामुळे असा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कधी कुत्र्याच्या जागी मांजर असतं. कधी विचारणारे घरमालक असतात, "भाडेकरू गेले, पण वास काही जाईना, आता हा खर्च कोणाच्या माथी?" त्यातलंच कोथरूडचं एक प्रकरण सांगते. दोन्ही बाजूंना विचारलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा-बायको तिशीतले, दोघंही नोकरीला. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००. घरमालकीण काकू सत्तरीच्या, समोरच्याच इमारतीत राहणाऱ्या. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार, एकदा नव्याने केलेला. सुरुवातीला इतकं जमलेलं की दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडे जायची. मग मुलीची, म्हणजे या जोडप्यातल्या बायकोची, आई गेली. त्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये कुडकुडणारं एक गावठी पिल्लू ती वर घेऊन आली. त्याचं नाव लाडू. काकूंना आज सांगू, उद्या सांगू करत दोन महिने गेले आणि काकूंना ते कळलं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

मुलीने फोनवर काकूंची यादी दाखवली. मुख्य दार बदलणे २८,०००, संपूर्ण घराला रंग २२,०००, डासांची जाळी ४,०००, साफसफाई ६,०००. माझं लक्ष आधी बेरजेकडे गेलं. बरोबर ६०,०००. नुकसानीचा खरा हिशेब डिपॉझिटच्या आकड्यावर असा नेमका येऊन थांबत नाही. तो तसा थांबला की समजावं, द्यायचं नाही हे आधी ठरलंय आणि यादी मागाहून झाली आहे. म्हणजे आधी रागाकडे बघायला हवं.

पोलिसांचं विचारलंत, तर अशा तक्रारीला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "हे दिवाणी प्रकरण आहे." डिपॉझिट हे भाडेकरूचेच पैसे असतात, मालकाकडे फक्त ठेवलेले. त्यातून कापायचं ते करारात जे ठरलं असेल त्याप्रमाणे आणि जेवढं खरोखर नुकसान झालं तेवढं. वापराने होणारी झीज वेगळी, नुकसान वेगळं. दोन वर्षांत रंग फिका पडणं, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक राहणं ही झीज, ती भाड्यातच आली. दार कुरतडलं हे नुकसान. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. इथे करार नोंदवलेला होता, पण पाळीव प्राण्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेताच येत नाही असा एक मेसेजही तिच्या नवऱ्याने दाखवला. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय ती लागू होत नाही, तेव्हा त्या जोरावर भांडायला जाऊ नका असं मी त्याला सांगितलं.

काकूंना मी वेगळं भेटले. घर बघायलाच या, असा त्यांचा आग्रह होता. एरवी मी जात नाही, त्या दिवशी गेले. मुख्य दार आतून गुडघ्याएवढ्या उंचीपासून खाली उंबऱ्यापर्यंत ओरबाडलेलं. सगळे ओरखडे कडीच्या बाजूला, उभे, एकावर एक, पॉलिश जाऊन आतलं लाकूड उघडं पडलेलं. उंबऱ्याचा एक कोपरा चावून गोल झालेला. काकू त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होत्या. "गावचा वाडा उतरवला, तेव्हाच्या तुळईचं सागवान आहे हे. ह्यांनी उभं राहून करून घेतलं होतं." काका जाऊन सहा वर्षं झालेली. मग म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?" म्हटलं असतं की नसतं, कोण जाणे. पण विचारलं गेलं नाही हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

मला आणखी एक गोष्ट दिसली. कपाटं, बाल्कनीचं दार, ओट्याखालच्या ट्रॉल्या, सगळं शाबूत होतं. वळण नसलेलं कुत्रं हाताला येईल ते चावतं. लाडूने फक्त माणसं ज्यातून बाहेर जातात ते दार धरलं होतं. एकटेपणाच्या भीतीने कासावीस झालेल्या कुत्र्याची ही खूण. घरून काम बंद होऊन दोघांना ऑफिसला बोलावणं आल्यापासून तो रोज दहा-दहा तास कोंडलेला असायचा. हे मुलीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तोवर ती नुसती भांडत होती. काकूंनी लाडूला "घाण" म्हटलं होतं आणि आई गेल्यावर जो जीव तिच्या उशाशी बसला त्याला कोणी घाण म्हणावं हे तिला सहन होत नव्हतं. त्याने दारामागे काय भोगलं हे मात्र तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

एकत्र बैठकीआधी मी जोडप्याला एकच गोष्ट पढवली. माफी मागायची ती न सांगितल्याबद्दल, आणि त्याच वाक्यात पैसे काढायचे नाहीत. "सॉरी काकू, पण साठ हजार म्हणजे..." असं म्हटलं की माफी तिथेच संपते, समोरच्याला फक्त घासाघीस ऐकू येते. मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या घरात तुम्हाला न विचारता आम्ही त्याला ठेवलं. ते दार काकांनी उभं राहून करून घेतलेलं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. चुकलं." आणि गप्प बसली. पुढची दोन मिनिटं अवघड गेली, पण कोणी काही बोलू नये म्हणून मी हात वर धरून ठेवला. मग काकूंनीच विचारलं, "आता कुठे आहे तो?" नव्या घराचे मालक कुत्रा नको म्हणाल्यामुळे लाडू मैत्रिणीकडे होता आणि त्याला कायमचा कुठेतरी सोडून द्यावा लागेल का, या चिंतेत ती होती. प्राणी असा सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी तिला तसं करू दिलं नसतं.

त्यानंतर हिशेब तासाभरात झाला. काकूंचा ओळखीचा सुतार आणि जोडप्याने आणलेला सुतार, दोघांनी दार पाहिलं. बदलायची गरज नाही, घासून, लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश केलं की होईल असं दोघंही म्हणाले, खर्च ६,५००. लाडू जिथे टेकून बसायचा त्या एका भिंतीवर काळपट डाग होता, तेवढ्या भिंतीचा रंग ३,२००. बाकीचा रंग दोन वर्षं वापरलेला, तो काकूंनी सोडला. जाळी १,८००, बाल्कनीची सफाई २,५००. एकूण १४,०००. ४६,००० त्याच संध्याकाळी परत गेले. मिळाल्याचं आणि आता देणं-घेणं उरलं नाही याचं एक पानी पत्र दोघांनी सही करून ठेवलं.

प्रत्येक वेळी असं जमत नाही. जमलं नाही तर आधी लेखी मागणी पाठवा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण, म्हणजे दावा कोर्टात दाखल करण्याआधीचं प्रकरण, म्हणून अर्ज करा. लोकन्यायालयात कोर्ट फी लागत नाही आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची, म्हणून "बघू, देतील कधीतरी" म्हणत बसू नका. घर घ्याल त्या दिवशी दारं, भिंती, फरशा यांचे फोटो दोघांनी मिळून काढा आणि एकमेकांना पाठवून ठेवा. आमच्या बैठकीत असे फोटो असते, तर काकूंच्या यादीतली जाळी आधीपासून फाटकी होती का, यावर वीस मिनिटं गेली नसती. आणि सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण ती गोष्ट सोसायटीपुरती. मालकाशी केलेल्या करारात काय लिहिलंय ते वेगळं बघावं लागतं.

जोडप्याला वारज्यात कुत्र्यासकट राहू देणारं घर मिळालं. लाडूला एकटं राहायची सवय ते पाच-पाच मिनिटांपासून लावताहेत, प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून. दुपारी शेजारचा कॉलेजचा मुलगा त्याला फिरवून आणतो.

तीन महिन्यांनी काकूंचा फोन आला. नवे भाडेकरू दोन मांजरं घेऊन येणार होते आणि त्यांनी ते आधीच सांगितलं होतं. करारात काय लिहायचं ते आम्ही फोनवरच ठरवलं: किती प्राणी, लसीकरणाची कागदपत्रं, नुकसान झालं तर दोघांनी मिळून पाहणी आणि दुरुस्तीच्या बिलाएवढीच कपात. फोन ठेवता ठेवता काकूंनी विचारलं, "मांजरं पण दार ओरबाडतात का हो?"

मी म्हटलं, नखं घासायला त्यांना स्वतःचं काहीतरी लागतं. सुंभ गुंडाळलेला एखादा खांब ठेवला तर दाराकडे सहसा जात नाहीत.

"थांबा," काकू म्हणाल्या, "लिहून घेते. आमच्या सुताराकडे लाकडाचा तुकडा पडला असेल."