प्रत्येक विनंतीला ४०७ का येतो?

प्रश्न : आमचा प्रोग्रॅम प्रॉक्सीमार्फत (म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत) दिवसभर एचटीटीपी विनंत्या पाठवतो. युजरनेम आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगमध्ये प्रत्येक विनंती दोनदा दिसते, आधी ४०७ (प्रॉक्सीला ओळख हवी) आणि मग २०० (विनंती यशस्वी). मोठ्या फाइलींच्या अपलोडला तर दुप्पट वेळ लागतो. हे टाळता येईल का?

उत्तर : नक्की टाळता येईल. ४०७ सोबतच्या ‘प्रॉक्सी-ऑथेंटिकेट’ हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीच्या ओळीत) प्रॉक्सीला ओळख पटवण्याची कोणती पद्धत चालते ते लिहिलेले असते आणि ते वाचून क्लायंट, म्हणजे तुमचा प्रोग्रॅम, ‘प्रॉक्सी-ऑथोरायझेशन’ हेडरसह तीच विनंती पुन्हा पाठवतो. पहिल्या वेळी हे योग्यच आहे. पण तुमचा क्लायंट ती पद्धत लक्षात ठेवत नसल्यामुळे दर वेळी तोच फेरा पडतो.

बेसिक पद्धत (युजरनेम-पासवर्ड बेस६४ या साध्या रूपात पाठवणे) असेल तर पुढच्या प्रत्येक विनंतीला ते हेडर आधीच जोडावे. डायजेस्टमध्ये (पासवर्डऐवजी त्यापासून काढलेले उत्तर पाठवण्याच्या पद्धतीत) प्रॉक्सीने दिलेला नॉन्स, म्हणजे तात्पुरती खूण, पुन्हा वापरून त्याचा मोजणी-आकडा वाढवत न्यावा आणि नॉन्स शिळा झाल्याचे प्रॉक्सीने कळवले, की त्याच पासवर्डने नव्या नॉन्ससाठी उत्तर तयार करावे. एनटीएलएम या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचे मात्र वेगळे आहे : तेथे विनंतीची नव्हे, तर कनेक्शनची ओळख पटवली जाते आणि त्यासाठी तीन संदेशांची देवाणघेवाण होते, म्हणून कनेक्शन तुटले की सगळे पहिल्यापासून करावे लागते. कनेक्शन पूल (उघडी कनेक्शन पुन्हा वापरण्याची सोय) वापरा आणि ४०७ च्या उत्तराचा मजकूर शेवटपर्यंत वाचून घ्या. तो अर्धवट सोडल्यास अनेक लायब्रऱ्या कनेक्शनच बंद करतात.

अपलोडला दुप्पट वेळ लागतो, यावरून त्या विनंत्या साध्या एचटीटीपीने जात असाव्यात. एचटीटीपीएसमध्ये ओळख ‘कनेक्ट’ विनंतीतच (प्रॉक्सीमधून सर्व्हरपर्यंत बोगदा उघडण्याच्या विनंतीतच) पटते आणि तिच्यासोबत फाइल जात नाही. शक्य असेल तर तिकडे वळा. मात्र बेसिकमधील बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, त्यामुळे प्रॉक्सीपर्यंतचे कनेक्शन एन्क्रिप्टेड नसेल, तर ‘कनेक्ट’मधला पासवर्ड उघडाच जातो. तोपर्यंत अपलोडपूर्वी एखादी छोटी विनंती पाठवून ओळख पटवून घ्यावी. एचटीटीपीएसमध्ये प्रॉक्सीचे हेडर ‘कनेक्ट’पुरतेच ठेवा, ते बोगद्याच्या आतल्या विनंतीत गेले, तर तुमचा पासवर्ड थेट पलीकडच्या सर्व्हरच्या हाती पडेल.

पासवर्ड पाठवल्यावरही पुन्हा ४०७ आला आणि कारण शिळा नॉन्स किंवा एनटीएलएमचा मधला टप्पा नसेल, तर तेथेच थांबून चूक नोंदवा. तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवल्यास खाते लॉक होऊ शकते.